दहा बाय बाराच्या घरासाठी आर्किटेक्ट : वस्तीत विनामूल्य काम कसं करावं

ठाण्यातल्या लोकमान्य नगरच्या वरच्या अंगाला, येऊरच्या डोंगराला पाठ लावून असलेल्या एका घरात मी पहिल्यांदा टेप उघडली, तेव्हा घरातल्या मावशींनी आधी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली करून विचारलं, "मॅडम, हा क्लस्टरचा सर्व्हे आहे का?" क्लस्टर म्हणजे अख्खी वस्ती एकत्र पाडून करायचा समूह पुनर्विकास. मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. कपाटावरची प्लास्टिकची पिशवी खाली आली, त्यातून लाइट बिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), मतदार यादीचं पान असं एकेक बाहेर निघालं. मी घराचा नकाशा सुधारून द्यायला गेले होते. त्यांना माझ्याकडून एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : मागच्या भिंतीतून जूनपासून सप्टेंबरपर्यंत झिरपणारं पाणी थांबेल का?

त्या दिवशी मला कळलेली गोष्ट या लेखाच्या मुळाशी आहे. वस्तीत विनामूल्य काम करायचं असेल तर लहान काम घ्यावं, ते शेवटाला न्यावं आणि एक पावसाळा त्याच्यासोबत राहावं. सुंदर रेखाटनं देऊन निघून गेलेले व्यावसायिक वस्त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. हा लेख ठाणे आणि नवी मुंबईतल्या आर्किटेक्ट, इंजिनिअर, इंटिरिअर डिझायनर आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ज्यांना असं काम करायचं आहे पण सुरुवात कुठून करावी हे उमगत नाही.

आधी स्वतःचे तास मोजा

सॅन फ्रान्सिस्कोमधल्या पब्लिक आर्किटेक्चर या संस्थेने अमेरिकेतल्या आर्किटेक्चर कंपन्यांना एक साधं आवाहन केलं होतं : वर्षभराच्या कामाच्या तासांपैकी एक टक्का समाजासाठी द्या. माणशी साधारण २० तास होतात. आकडा छोटा वाटतो, पण तो कागदावर येतो हे त्याचं बळ. आपल्याकडे "जमेल तसं करू" म्हणतात, आणि ऑफिसात पैसे देणारं काम आलं की वस्तीचं काम मागे पडतं.

माझ्या अनुभवाचा हिशोब असा : एका घराची पाहणी, मोजमाप, गळती आणि हवेचा उपाय, मिस्त्रीसाठी एक कागद आणि कामावर तीन-चार फेऱ्या, एवढ्याला २० तास जेमतेम पुरतात. गल्लीतलं सार्वजनिक शौचालय किंवा अंगणवाडीची खोली घेतलीत तर दीडशे तासांच्या खाली काही होत नाही. म्हणून दोन-तीन जणांनी मिळून एक काम घ्यावं. आणि तास ठरले की ते ऑफिसच्या वेळापत्रकात लिहून टाका. शनिवार दुपार म्हणजे शनिवार दुपार. मावशी कामावरून सुट्टी घेऊन तुमची वाट बघत असतात, त्यांचा त्या दिवसाचा पगार बुडालेला असतो.

वस्तीत शिरायचं ते कुणाच्या ओळखीनं

इथे घाई करू नका. वस्तीत माणूस कुणाचा म्हणून आला, यावर त्याचं पुढचं सगळं ठरतं. नगरसेवकाच्या कार्यालयातून गेलात तर तुम्ही त्या पक्षाचे. बिल्डरच्या ओळखीनं गेलात तर तुम्ही पुनर्विकासाची माणसं. ठाण्यात क्लस्टर आणि झोपडपट्टी पुनर्वसन या दोन शब्दांभोवती लोकांची इतकी आशा आणि इतकी भीती गुंतलेली आहे की हातात टेप आणि पाठीवर बॅग असलेला कुणीही सर्व्हेवाला ठरतो.

महिला बचत गट, अंगणवाडी सेविका, रात्रीची अभ्यासिका चालवणारी मुलं किंवा वस्तीत वर्षानुवर्षं काम करणारी संस्था, यांपैकी कुणाच्या तरी बोटाला धरून जा. पहिल्या दोन भेटींत टेप काढू नका, फोटो काढू नका. बसा, चहा घ्या, ऐका. आपण कोण, कशासाठी आलो, पैसे घेणार नाही, आणि आपल्या नकाशाचा पुनर्वसनाच्या पात्रतेशी काही संबंध नाही, हे चार-चौघींच्या बैठकीत मोठ्यानं सांगा. एकीच्या कानात सांगितलं तर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं भलतंच होतं.

बैठक संध्याकाळी ठेवायची असेल तर आधी पाण्याची वेळ विचारा. नळाला पाणी आलं की बैठक उठते.

जमीन कुणाची, हे आधी शोधा

ठाणे-खाडीच्या दोन्ही काठांवर हा प्रश्न वेगवेगळा आहे. नवी मुंबईत दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या अनेक वस्त्या एमआयडीसीच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात वसल्या आहेत. काही सिडकोच्या जमिनीवर, काही वनखात्याच्या हद्दीला लागून, काही रेल्वेच्या कडेला. ठाण्यात खासगी, सरकारी, वनखात्याची अशी सरमिसळ आहे. एकाच गल्लीच्या दोन बाजूंना दोन मालक असू शकतात.

यामुळे व्यवहारात काय फरक पडतो? गिलावा, लादी, रंग, नळ, फुटलेला पत्रा बदलणं अशा दुरुस्तीला सहसा अडचण येत नाही. घराची उंची वाढवणं, भिंत पुढे सरकवणं, पक्का स्लॅब टाकणं हे सुरू केलं की परवानगीचा आणि तोडकामाचा प्रश्न उभा राहतो, आणि ते तोडकाम तुमच्या घरावर होत नाही. म्हणून ठाण्यात संबंधित प्रभाग समितीच्या कार्यालयात आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात एकदा जाऊन या. जाताना कुटुंबाला किंवा संस्थेला सोबत घ्या. काय चालतं, काय नाही हे अधिकाऱ्याच्या तोंडून त्यांनीच ऐकलेलं बरं.

सार्वजनिक कामात लेखी परवानगी नसेल तर एक वीटही लावू नका. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी सिग्नल शाळा सुरू झाली ती कंटेनरमध्ये. जागा पुलाखालची, आवाज गाड्यांचा, पण समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेसोबत ठाणे महापालिका उभी होती, म्हणून ती टिकली. लहान जागा अडचण होत नाही. परवानगी नसलेली जागा होते.

कोणतं काम घ्यावं

पहिल्या वर्षी मी या क्रमानं घ्यायला सांगेन : गळती, हवा आणि उजेड, मोरी व शौचालय, आणि मग अंगणवाडी किंवा अभ्यासिकेची एखादी खोली. अंगणवाडीची खोली हे नवख्या गटासाठी उत्तम काम आहे. ती बहुधा भाड्याची असते, वापर सगळ्यांचा असतो, आणि केलेला बदल रोज पन्नास माणसं बघतात. खिडकीची पट्टी जमिनीपासून दोन फुटांवर घेतली की तीन वर्षांचं पोर उभ्यानं बाहेर बघू शकतं. हात धुण्याची जागा दीड फुटावर. विजेचे प्लग मात्र पाच फुटांच्या वर. त्याआधी घरमालकाची लेखी संमती घ्या, आणि सुधारणा झाल्यावर भाडं किती वर्षं वाढणार नाही हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

काय घेऊ नये, तेही स्पष्ट सांगते. पारसिकच्या डोंगरउतारावर घरामागे कापलेली माती उघडी असेल, तिच्यात तडे दिसत असतील, तर ते आर्किटेक्टचं फावल्या वेळचं काम नाही. जुलै २०२१ मध्ये कळव्याच्या घोलाई नगरात दरड घरावर आली आणि पाच जणांचा जीव गेला. अशा ठिकाणी रंग, हवा, उजेड बोलत बसू नका. कुटुंबाला धोका स्पष्ट सांगा, महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवा, पोच घ्या, आणि मातीचा अभ्यास असलेल्या इंजिनिअरला जागेवर न्या. आधीपासून संरक्षक भिंत असेल तर तिची पाणी जाण्याची भोकं माती-कचऱ्यानं बुजलेली आहेत का ते बघा. लोकमान्य नगरच्या त्या मावशींच्या भिंतीमागे तेच झालं होतं. भोकं मोकळी केली, भिंतीच्या डोक्यावरून येणारं पाणी वळवायला छोटी चर काढली. त्या वर्षी मागची भिंत ओली राहिली, पण पाणी लादीवर आलं नाही.

मोजमाप

लेझरचं यंत्र असलं तरी साधी टेप आणि ओळंबा न्या. घरात सामान इतकं असतं की लेझरचा ठिपका भिंतीपर्यंत पोचत नाही. टेपचं दुसरं टोक घरातल्या मुलीच्या हातात द्या. ती आकडा मोठ्यानं वाचते, आई ऐकते, आणि आपल्या घराची मापं घरालाच कळतात.

भिंतींची मापं सगळेच घेतात. घ्यायचं ते आणखी हे : पत्र्याची खालची आणि वरची उंची, दाराचा उंबरा गल्लीपेक्षा किती वर की खाली, शेजारच्या पत्र्याचं पाणी कुणाच्या भिंतीवर पडतं, गॅसची टाकी कुठे, मीटर कुठे, पाणी कशात साठवतात आणि किती, झोपताना किती जण आणि कुठे. शेवटचा प्रश्न बायकांनाच विचारा, आणि शक्यतो बाईनं विचारावा. दहा बाय बारात सहा माणसं झोपतात तेव्हा मोठी मुलगी कपडे कुठे बदलते, हा घराच्या रचनेचाच प्रश्न आहे, आणि तो पुरुषांच्या बैठकीत कधीच येत नाही.

गल्लीची रुंदीही मोजा, सगळ्यात अरुंद जागी. साडेतीन फुटांच्या गल्लीतून आठ फुटांचा पत्रा वळणावर फिरत नाही. मी एकदा दहा फुटी पत्रे मागवले आणि ते कोपऱ्यावरच्या तीन घरांच्या छपरांवरून हातोहात न्यावे लागले. शेजाऱ्यांनी मदत केली, पण त्यात एकीचा जुना पत्रा फुटला आणि तो नवा घालून द्यावा लागला.

खडूचा नकाशा

कागदावरचा प्लॅन वाचायला आपल्याला पाच वर्षं शिकवलं जातं. ज्यांना शिकवलेलं नाही त्यांच्यापुढे तो धरून "ठीक आहे ना?" विचारणं म्हणजे होकार गृहीत धरणं. खऱ्या मापाचा नकाशा जमिनीवर काढा. १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या, महिला मिलन या संघटनेतल्या बायकांनी, स्पार्क संस्थेच्या साथीनं, आपल्याला हवी तशी घरं खऱ्या मापात उभी करून पाहिली आणि लोकांना दाखवली. त्या रीतीपुढे आजवर मला दुसरी सरस रीत सापडलेली नाही.

तुर्भ्याच्या एका वस्तीत चार सीटच्या शौचालयाचा नकाशा आम्ही पटांगणात खडूनं काढला. विटा ठेवून दारं दाखवली. एक काकू पाण्यानं भरलेली बादली घेऊन आत शिरल्या, वळल्या, आणि थांबल्या. दार आत उघडत होतं. बादली ठेवायला जागा नव्हती, दार लावायचं तर बादली उचलून धरावी लागत होती. दुसरीनं विचारलं, साडीचा पदर अडकवायला खुंटी कुठे? तिसरीनं दाखवलं की पुरुषांची रांग बायकांच्या दारासमोर येते. ऑफिसात तीन आठवडे पाहिलेल्या नकाशात हे तिन्ही दोष होते. वीस मिनिटांत बायकांनी ते दुरुस्त केले : दार बाहेर उघडणारं, बादलीसाठी कोपऱ्यात चार इंच उंच कट्टा, खांद्याच्या उंचीला खुंटी, आणि बायकांचं दार गल्लीच्या दिव्याकडे.

सीट किती, याचा आधार स्वच्छ भारत अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे : सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ महिलांमागे एक सीट. गल्लीत दोनशे बायका असतील तर आठ सीट. चारच बसत असतील तर ते लपवू नका. सकाळी सहा ते आठ किती वेळ थांबावं लागेल हे बैठकीत सांगा, त्यातूनच घरोघरी शौचालयाची मागणी पुढे येते. मैलावाहिनी जवळ असेल तर चार इंची पाइपाला चाळीस फुटाला एक फूट उतार मिळतो का, हे आधी लेव्हलच्या (पाणी भरलेल्या पारदर्शक) नळीनं तपासा. उतार मिळत नसेल तर पुढचं सगळं रेखाटन व्यर्थ आहे.

विद्यार्थ्यांसोबत काम करत असाल तर एका रविवारी त्यांना बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला न्या. चार्ल्स कोरिआंनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली ही वसाहत. सात-आठ घरं मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण, आणि प्रत्येक घर सुटं, म्हणजे ज्याला जमेल तेव्हा शेजाऱ्याला न दुखवता वाढवता येईल. आज तिथली अनेक मूळ घरं पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. अंगणं मात्र आहेत. लोकांची घरं वाढणार हे धरून काय स्थिर ठेवायचं, ते तिथे पायांनी चालून कळतं.

तीन बाजूंनी बंद घरात हवा

या भागावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण वस्तीतल्या घरांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे आणि याचा उपाय स्वस्त आहे.

राष्ट्रीय इमारत संहिता आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश उघडी जागा मागते. दहा बाय बाराला २० चौरस फूट होतात. तीन भिंती शेजाऱ्यांच्या, समोर एक दार. वीस चौरस फूट आणणार कुठून? म्हणून हवेला वर वाट काढून द्यायची. गरम हवा पत्र्याखाली साठते, तिला वर वाट दिली आणि खाली थंड हवेला आत यायला जागा ठेवली की हवा आपोआप सरकते. दारावरच्या जागेत फूटभर उंचीची जाळी, दाराच्या खालच्या फळीत झडपा, आणि मागच्या उंच बाजूला पत्रा सहा ते नऊ इंच उचलून त्या फटीला जाळी. उचललेला पत्रा बाहेर दीड फूट तरी पुढे काढा, नाहीतर जुलैतला आडवा पाऊस थेट गादीवर. जाळी बारीक आणि मजबूत घ्या, उंदरांसाठी. येऊरच्या कडेच्या घरांत माकडांसाठीही.

उजेडासाठी एक पारदर्शक पत्रा पुरतो, तोही छोटा, स्वयंपाकाच्या ओट्यावर. मोठा लावला की एप्रिलमध्ये घराची भट्टी होते. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग दिल्यानं उन्हाळ्यात आतला ताप कमी होतो. रंग लावण्याआधी गंज घासून काढा, आणि दर पावसाळ्यानंतर धूळ-शेवाळ धुवा, नाहीतर पांढरा रंग पांढरा राहत नाही. पत्र्याखाली थर्माकोलचं सिलिंग लावू नका. खाली गॅस आहे, वायरी उघड्या आहेत, आणि थर्माकोल पेट घेतो तेव्हा बाहेर पडायला एकच दार असतं.

गळतीचं मूळ बहुतेक वेळा बोल्टमध्ये असतं. बोल्ट पत्र्याच्या लाटेच्या वरच्या अंगाला हवा, खोलगट भागात नको, आणि त्याखाली चांगला रबरी वॉशर हवा. पत्र्याच्या जोडाला किमान सहा इंचांची ओव्हरलॅप, उतार कमी असेल तर आणखी. दर फुटाला दोन इंच उतार मिळाला तर पाणी उभं राहत नाही. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतो : कोरडे घासू नका, कटरनं कापू नका, काढायचे तर ओले करून, मास्क लावून, अख्खे काढा. त्यांच्यावर थेट पाय तर कधीच देऊ नका, फळी टाकूनच चढा.

पोटमाळा आणि पाण्याचा ड्रम

पोटमाळा हवाच असतो, आणि तिथेच सगळ्यात मोठा धोका आहे. घराच्या मजल्यावर माणसं-सामान धरून चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरतात. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम एकटाच २०० किलोचा, आणि तो उभा असतो दोन फुटांपेक्षा कमी व्यासाच्या वर्तुळावर. म्हणजे तेवढ्या जागेत साडेतीनपटीहून जास्त भार. खाली साडेचार इंची भिंत, तिच्यात खोचलेलं लोखंडी चॅनेल. पाणी माळ्यावर ठेवू नका, हे सांगून भागत नाही, कारण खाली जागा नाही. ड्रमसाठी जागा आखून द्या : जिन्याखाली, किंवा दाराबाहेर कोपऱ्यात झाकणासह.

माळ्याच्या लोखंडाचं माप कधीही अंदाजानं देऊ नका. तुमच्या गटात स्ट्रक्चरल इंजिनिअर नसेल तर माळ्याचं काम घेऊ नका. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडची इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती झोपडी नव्हती, पण काळजी न घेता चढवलेल्या वजनाचं काय होतं हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. फी घेतली नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही, कायद्यानंही नाही आणि मनानंही नाही.

पैसे कुठून

तुमचा वेळ फुकट आहे, सिमेंट नाही. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राचं दीड लाखाचं साहाय्य आहे, पण त्याला जमीन स्वतःच्या नावावर लागते. वस्तीतल्या बहुतेकांचं तिथेच अडतं. खोटी आशा दाखवू नका.

नवी मुंबईत हाताशी असलेला मार्ग म्हणजे कंपन्यांचा सामाजिक निधी (सीएसआर). कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ५०० कोटी नक्त मूल्य, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक तरी मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. झोपडपट्टी विकास त्या यादीत स्पष्टपणे आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार त्याच वस्त्यांत राहतात, हे अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा. निधी थेट तुम्हाला किंवा कुटुंबाला मिळत नाही. त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था लागते. म्हणून सुरुवातीलाच अशा संस्थेला सोबत घ्या.

कुटुंबाचा वाटा मात्र असू द्या. आर्किटेक्ट प्रतिमा जोशी यांच्या पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सनं 'एक घर एक शौचालय' या उपक्रमात, जो ठाणे आणि नवी मुंबईतही पोचला, बांधकामाचं साहित्य दारात आणून दिलं आणि बांधायचं काम कुटुंबावर सोपवलं. घरानं स्वतः गवंडी आणला की घर त्या कामावर लक्ष ठेवतं.

अंदाजपत्रक मराठीत, एका पानावर, दुकानात मिळतं त्याच मापात : सिमेंट किती गोण्या, रेती किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), पत्रे किती आणि कोणत्या फुटांचे. वाहतुकीची ओळ वेगळी ठेवा. टेम्पो जिथे थांबतो तिथून डोंगरावरच्या घरापर्यंत डोक्यावरून रेती नेण्याची मजुरी कधीकधी रेतीपेक्षा जास्त होते.

दोन कागद

पहिला कागद करारपत्र. साध्या मराठीत, सही किंवा अंगठ्यासह, आणि वाचून दाखवून. आम्ही काय देणार, किती फेऱ्या, काय देणार नाही, साहित्य कुणाचं, मजुरी कुणाची. त्यात हे वाक्य जरूर असावं : "हा नकाशा जागेचा ताबा किंवा पुनर्वसनाची पात्रता यांचा पुरावा नाही." कुणी तुमच्या शिक्क्याचा कागद दाखवून त्या घराकडून पैसे उकळू शकतो, म्हणून मोजमापाच्या कागदावर शिक्का मारू नका. आणि मूळ प्रत कुटुंबाकडेच राहील. फोटो छापायचे असतील तर त्याची संमती वेगळी विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला.

दुसरा कागद मिस्त्रीचा. एकच पान, मापं फूट-इंच-सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), नावं त्याच्या बोलण्यातली : मोरी, ओटा, छज्जा, लेंटल. मिलिमीटरमधलं रेखाचित्र तो घडी घालून खिशात ठेवतो आणि मनानं बांधतो. वस्तीतलाच मिस्त्री घ्या. त्यानं तिथल्या पन्नास घरांचं काम केलेलं असतं, आणि तुम्ही गेल्यावर दुरुस्तीला तोच येणार. "असं का करता?" हा प्रश्न त्याला आरोपासारखा नाही, शिकण्यासाठी विचारा. कळव्यातल्या एका दादांनी मला दाखवलं की शेजारच्या घराच्या भिंतीला चिकटून भिंत घेताना मध्ये बोटभर फट ठेवून वर पत्र्याची टोपी घालायची, म्हणजे एकाची ओल दुसऱ्याकडे जात नाही. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत आटपा. छप्पर उघडं असताना कुटुंब कुठे झोपणार हे आधी ठरवा, आणि परीक्षेच्या दिवसांत दहावीचं मूल असलेल्या घराला हात लावू नका. गिलाव्याला सात दिवस पाणी मारायचं असतं. नळ दोन तास येतो, तेव्हा ते पाणी कुणाच्या वाट्याचं, हेही बोलून घ्या.

पावसात जा

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलैत. काम संपल्याचा फोटो मेमध्ये काढला असेल, तरी फाईल बंद करू नका. जुलैत, जोराचा पाऊस सुरू असताना, त्या घरात जा. चपला काढून लादीवर पाय ठेवा, ओल पायाला आधी कळते. पत्र्याखाली मोबाइलचा दिवा धरून प्रत्येक बोल्ट बघा. गळतं तिथे भिंतीवर खडूनं खूण करा, तारीख लिहा, आणि पत्रे बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला तिथूनच फोन लावा, कारण पाऊस थांबल्यावर तो म्हणेल की गळतच नाही. मग मावशींना विचारा, रात्री कुणाला उठून गादी सरकवावी लागली का.